मारा नदीच्या काठावर

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडचीही माणसे आता पूर्व आफ्रिकेतले प्राणी पाहायला जातात. त्यांतलाच मी एक, बदलापूरचा.

केनियातले मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे. त्याला लागून टांझानियाचे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान, जवळजवळ दहापट मोठे. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागे, गवतामागे वर्षभर या दोन देशांत फिरतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडतात. कळप काठावर येतो, थबकतो, मागे वळतो. आमचा चालक इंजिन बंद करून दीड तास थांबला. मग एकाने उडी घेतली आणि मागून सारे! सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाण्यात मगरी असतातच. काठावर आपण संकट होऊ नये. गाड्यांनी वाट अडवली, तर कळप अवघड कड्यावरून उतरतो. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत पर्यटक चक्क गाड्यांतून उतरून कळपाच्या वाटेत उभे राहिले होते. म्हणून चालकाला ‘अजून पुढे घ्या’ म्हणू नका.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, दाखला जपा. तो नसेल तर परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि हो, बारवी धरणाकडच्या रानातही बिबट्याचा वावर आहे. आफ्रिकेत पाळाल ती शिस्त तिथेही पाळा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)