परराज्यात गाव निवडताना



गोंदियाहून बालाघाटकडे बिऱ्हाड हलविताना आपण पाणी, शाळा, रस्ता पाहतो. पाणवठा सर्वांना एकच आहे काय, हेही विचारावे. पण मुलांच्या दाखल्याचा विचार कोण करतो? अनुसूचित जातींची यादी घटनेच्या ३४१व्या कलमाने राज्यवार ठरते. महार जात मध्य प्रदेशच्याही यादीत आहे. तरी स्थलांतरिताला त्या राज्याच्या सवलती मिळत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात दिला. केंद्राच्या नोकरीतला हक्क मात्र राहतो. (बौद्धांना तो १९९० मध्येच मिळाला!) म्हणून रेल्वेने गोंदियाच्या कॉलेजात ये-जा होईल असेच गाव पाहावे. वडील-आजोबांचे, १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे कागद निघण्यापूर्वीच काढून घ्यावेत.