थेऊरचे पाणी



बाळापूरच्या व्यासपीठावर पुण्याजवळच्या थेऊरचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्या भागातून पोटासाठी पुण्याला गेलेल्या पोरांच्या खोल्या धुंडाळीत मी हिंडतो. संघटनेचे काम तसलेच. त्या हिंडण्यात हे गाव पाहिले.

थेऊर पुण्याच्या पूर्वेस, पंचवीसेक किलोमीटरवर, मुळामुठेच्या काठी. अष्टविनायकांतला चिंतामणी तेथला. थोरले माधवराव पेशवे आजारपणी तेथे येऊन राहिले आणि 18 नोव्हेंबर 1772 रोजी, अवघे 27 वर्षांचे असताना, क्षयाने तेथेच गेले. रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे हे घरोघर ठाऊक आहे. मला मात्र माधवराव आठवतात ते वेठबिगारीला आळा घालणारे म्हणून. राबवून घेतले तर मोल द्यावे, हे त्या पोरसवदा पेशव्याला कळले होते. पुष्कळ शिकलेल्यांना अजून कळत नाही.

आता देवळातून नदीकडे उतरा. पात्रावर जलपर्णी माजलेली, खाली काळे पाणी, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. खडकवासल्याचे निर्मळ पाणी शहर वर घेते, वापरते आणि त्यातला मोठा वाटा पुरता शुद्ध न करताच खाली सोडते. कारखान्यात मालक ‘खर्च वाचवला’ म्हणतो, तेव्हा आम्ही विचारतो, कोणाच्या अंगावर टाकलात? तोच प्रश्न येथे आहे. शहराचा वाचलेला खर्च थेऊरकर भरतो. 2016 साली सुमारे 990 कोटींची नदीसुधार योजना मंजूर झाली, तीत 11 नवी शुद्धीकरण केंद्रे धरलेली. कागदावर पाणी तेव्हाच स्वच्छ झाले! गावचा सहकारी साखर कारखानाही 2011 पासून वर्षानुवर्षे बंद राहिला, ते दुखणे निराळे.

हे परक्याचे गाऱ्हाणे नव्हे. मुळामुठा भीमेला मिळते, भीमा उजनीला, तेथून पंढरपूरला. आपल्या कयाधूकाठच्या नर्सीहून नामदेवांची दिंडी घेऊन आपण जातो आणि चंद्रभागेत बुडी मारतो, ती याच पाण्यात. शिवाय ती घाण करणाऱ्या शहरात आपलीच मुले राहतात, तेथे मतेही देतात.

त्यांना पत्रे लिहा, फोन करा. मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारायला सांगा, की आमच्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते, आणि ते केंद्र चालू आहे काय? उत्तर आले तर मला कळवा.