मोडी दप्तर आणि हरवलेली आडनावे

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्जमधील सेंट मेरीज चर्च २८ ऑक्टोबर १६८० रोजी उपासनेस खुले झाले आणि ४ नोव्हेंबरला तेथे पहिला विवाह लागला. वर होता एलिहू येल. पुढे १७५३ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचेही लग्न तेथेच झाले. ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत सापडतातच; चर्चच्या नोंदवहीचे खरे मोल आहे ते साध्या शिपायांमुळे, कारकुनांमुळे आणि त्यांच्या अल्पायुषी लेकरांमुळे. या नोंदींच्या नकला कंपनीच्या लंडन कचेरीकडे जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात.

इंग्लंडात प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी, अशी आज्ञा थॉमस क्रॉमवेलने १५३८ साली काढली. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तेथे १८३७ मध्ये आली. मधली तीनशे वर्षे खेड्यातल्या शेतमजुराचा मागमूस लागतो तो या वह्यांतच. त्याचा मुलगा पलटणीत भरती होऊन मद्रासला आला असेल, तर गावच्या वहीत तुटलेला धागा किल्ल्यातल्या वहीत पुन्हा हाती लागू शकतो.

तंजावरी मराठी माणसाचे काय? व्यंकोजीराजांच्या काळापासून जी घराणी कावेरीकाठी उतरली, त्यांचे वंशज आज चेन्नईत राहतात. तमिळ रिवाजाप्रमाणे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागले आणि कित्येकांचे आडनाव गळून गेले. उरला तो ‘राव’. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत शोध घ्यावा, तर गाव आणि आडनाव हेच तेथले पहिले प्रश्न!

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला प्रचंड मराठी शिलालेख भोसल्यांचा वंश सांगतो. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याचा नाही. त्यासाठी सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दप्तराकडेच जावे लागते. वेतन, शिधा, दानधर्म, छत्रांचा खर्च अशा रुक्ष हिशेबांत माणसांची नावे दडलेली आहेत. तमिळ विद्यापीठाने या कागदांतील काही भागाचे तमिळ भाषांतर छापले आहे. मराठी पूर्वजांचा शोध मराठी वंशजांनी तमिळमधून घ्यावा, यात खंत मानण्यापेक्षा त्या विद्यापीठाचे ऋण मानणे अधिक उचित.

मूळ कागद वाचणे सोपे नाही. मोडीत आधी शिरोरेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरे न थांबता धावतात. शब्द कोठे तुटला हे वाचकानेच ओळखायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एका नावाची दोन वाचने सहज होतात. अशा वेळी घरात टिकून राहिलेले गोत्र आणि कुलदैवत साक्षीला येते.

१८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. त्यानंतरचा माग चेन्नईतच, एग्मोरच्या अभिलेखागारात घ्यावा. १९०९ पासूनची ही मद्रास रेकॉर्ड ऑफिसची वास्तू. १८५८ मध्ये नेमलेल्या इनाम कमिशनच्या वह्यांत मूळ इनामदार कोण, सध्याचा भोगवटादार कोण, त्यांचे नाते काय, हे नमूद आहे. फसली सन दिसल्यास त्यात ५९० मिळवावेत. फसली १२७० म्हणजे १८६०-६१. ज्या घराला इनाम नव्हते, त्याच्यासाठी मात्र ही वही मुकी आहे.

आता शाळेच्या कपाटाकडे वळू. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख असते. इनाम असो वा नसो, प्रवेश घेतलेले प्रत्येक मूल त्यात आहे. साठ वर्षांपूर्वीच्या पानांना ओल आणि वाळवी दोन्हींचे भय असते. वरच्या वर्गातील चार मुले, एक शिक्षक आणि दिवाळीची सुटी एवढ्यात पहिल्या वह्यांची छायाचित्रे निघतील. मूळ वह्या मात्र रद्दीत न जाता कोरड्या कपाटात राहाव्यात.