सरकारचा पैसा, पण किल्ली कुणाकडे?



आपल्या भागातल्या काही ग्रामसंघांपुढे सध्या एक प्रश्न आहे. बाजारतळावर सरकारी पैशातून शौचालय बांधायचं ठरतंय. ते बचत गटानं चालवावं, असं पंचायत म्हणते. घ्यावं का? एक म्हणते, “पैसा सरकारचा आहे, सोडायचा कशाला?” दुसरी म्हणते, “पाणी आलं नाही तर शिव्या आपल्यालाच.” दोघींचंही खरं आहे. म्हणून आज पुण्याच्या वस्त्यांतलं एक उदाहरण सांगते.

सन १९९९. रत्नाकर गायकवाड तेव्हा पुण्याचे महापालिका आयुक्त होते. महापालिकेनं झोपडपट्ट्यांतल्या शौचालयांसाठी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या. बांधकामाचा खर्च महापालिकेचा, पाणी आणि वीजजोडणीही तिचीच. आराखडा, बांधकाम आणि देखभाल मात्र संस्था आणि वस्तीनं बघायची. स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचा महासंघ आणि बचत करणाऱ्या बायकांचं ‘महिला मिलन’ यांनी मिळून त्यातलं मोठं काम घेतलं. २००१ पर्यंत शहरात चारशेहून जास्त शौचालय-इमारती उभ्या राहिल्या.

काही ठिकाणी बांधकामाचं कंत्राट बायकांनीच सांभाळलं. इंजिनिअर मदतीला होते, पण वस्तीचं म्हणणं आराखड्यात आलं. बायकांची आणि पुरुषांची दारं वेगळी. रांगेत मोठी माणसं लेकरांना मागं ढकलतात, म्हणून लेकरांसाठी निराळी सोय. पाण्याची मोठी टाकी. देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबाला राहायला खोली.

आणि खर्च? घरटी महिन्याला वीस रुपयांचा पास. दर खेपेला एक रुपया धरला, तर पाच माणसांच्या घराला रोज एकेकदा जायलाही महिन्याला दीडशे लागतील. गरिबाला परवडेल तरच तो पैसे देतो, आणि पैसे आले तरच झाडू-फिनेल येतं.

यातून आपण काय घ्यायचं? सही करण्याआधी चार गोष्टी विचारा.

एक, आराखडा आपल्याला आधी दाखवणार का? इमारत झाल्यावर नुसती किल्ली हातात दिली, तर चुका त्यांच्या आणि निस्तरणं आपलं.

दोन, पाणी, वीज आणि मोठी दुरुस्ती कुणाकडे? तोंडी नको, करारात लिहून घ्या.

तीन, महिन्याचा हिशेब जुळतो का? समजा शंभर घरांनी वीस रुपये दिले, तर दोन हजार जमतील. त्यात झाडणारीचा पगार बसतो का? बसत नसेल तर उरलेली रक्कम कोण देणार, हे आधीच ठरवा. आपल्या बचतीला हात लावू नका.

चार, बिल उशिरा निघालं तर? सरकारी पैसा बऱ्याचदा काम झाल्यावर येतो. तोवर कर्ज काढून काम रेटायची ताकद गटात आहे का?

चारही उत्तरं मिळाली तर जरूर घ्या. बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. तिची अडचण आपल्याइतकी कोण जाणणार? पण उत्तरं मिळाली नाहीत, तर ‘नाही’ म्हणणं हाही ठरावच आहे.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. चारही प्रश्न ठराव-वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर मागा.