फुटबॉलचा पंच आणि न्यायबुद्धी



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून फुटबॉलच्या पंचाविषयी बोलायचे, म्हणजे हा विषय मैदानाचा की सभागृहाचा, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आमच्या मते तो दोहोंचाही आहे. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो. पंच हा शब्दच मुळी पाचांवरून आला. पाच जाणत्या माणसांनी पारावर बसावे, दोन्ही बाजू ऐकाव्यात, रात्रभर खल करावा आणि मग निवाडा द्यावा, ही आपली जुनी रीत. फुटबॉलचा पंच मात्र एकटा असतो. त्याला धावता धावता निवाडा द्यावा लागतो आणि तोही हजारो माणसे ओरडत असताना. नेहमीच्या प्रसंगी त्याला नियमपुस्तक पुरते. परंतु जो प्रसंग नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नव्हता, तो समोर उभा राहिला म्हणजे त्याने काय करावे? आज आम्ही विचार करणार आहोत तो याच प्रश्नाचा.

लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ साली खेळाचे नियम प्रथम छापले, तेव्हा त्यांत पंचाचे नावही नव्हते. खेळणारे सभ्य गृहस्थ. तंटा झालाच तर तो ते आपसांत मिटवतील, असा भरवसा होता. तो भरवसा फार दिवस टिकला नाही. पुढे प्रत्येक संघाचा एक असे दोन अंपायर आले. त्यांचे एकमत झाले नाही तर ज्याच्याकडे वाद न्यायचा, तो तिसरा मनुष्य रेषेबाहेर असे. १८९१ साली त्याला मैदानात आणले आणि निर्णयाचा अधिकार त्याच्या हाती दिला. आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाच्या सामन्यांना प्रारंभ झाला तो याच वर्षी.

त्याच १८९१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात नॉट्स काउंटी आणि स्टोक या संघांचा चषक सामना चालू होता. स्टोकचा हमखास होणारा गोल नॉट्सच्या बचावपटूने ऐन गोलरेषेवर हाताने अडविला. नियमाप्रमाणे पंचाने स्टोकला फ्री किक दिली. परंतु तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला त्याच्या स्वतःच्या गोलरेषेमागे हटविता येत नव्हते. नॉट्सचा गोलरक्षक चेंडूला खेटून उभा राहिला आणि किक वाया गेली. लबाडी फळाला आली, आणि पंचाला ती उघड्या डोळ्यांनी पाहावी लागली. पेनल्टी किकची सूचना आयर्लंडातील विल्यम मॅक्रम नावाच्या एका गोलरक्षकाने आधीच केली होती, आणि तिची बरीच टिंगलही झाली होती. या सामन्यानंतर ती टिंगल ओसरली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पेनल्टीचा नियम झाला. कायदा अपुरा पडला तर तो कायदेमंडळाने बदलावा. सामना चालू असताना न्यायाधीशाने पदरचा कायदा घालू नये, हा धडा या प्रसंगात आहे.

मग पंचाच्या न्यायबुद्धीला वाव कोठे आहे? वाव आहे, परंतु तो नियमाच्या चौकटीत आहे. सप्टेंबर २००२ मध्ये ॲस्टन व्हिला आणि बर्मिंगहॅम सिटी या शेजाऱ्यांच्या सामन्यात व्हिलाच्या मेलबर्गने चेंडू हाताने आपल्याच गोलरक्षकाकडे फेकला. एन्केलमन या गोलरक्षकाने तो पायाने अडवू पाहिला. चेंडू पायाखालून निसटून जाळ्यात गेला. आता नियम असा की, असा थ्रो कोणालाही न लागता स्वतःच्याच गोलात गेला तर तो गोल नव्हे. प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. परंतु गोलरक्षकाच्या बुटाचा पुसटसा स्पर्श जरी झाला, तरी तो गोल! पंच डेव्हिड एलरे यांनी स्पर्श झाला असे ठरवून गोल दिला. स्पर्श झाला की नाही, यावर लोक पुष्कळ भांडले. पण येथे नियम संदिग्ध नव्हता, संदिग्ध होती ती वस्तुस्थिती. आणि वस्तुस्थिती काय, हे ठरविण्याचा अधिकार नियमानेच पंचाला दिलेला आहे. २०१६ साली नियमपुस्तकाचे जे मोठे पुनर्लेखन झाले, त्यात या एलरेंचा प्रमुख वाटा होता. प्रत्येक संभाव्य प्रसंग नियमांत येणे शक्य नाही, अशा वेळी पंचाने खेळाचा आशय ध्यानी घेऊन निर्णय द्यावा, असे ते पुस्तक प्रारंभीच सांगते.

याच्या उलट प्रकार पाहा. १७ ऑक्टोबर २००९ रोजी संडरलंडच्या मैदानावर लिव्हरपूलशी सामना होता. लिव्हरपूलच्याच एका समर्थकाने टाकलेला, समुद्रकिनाऱ्यावर पोरे खेळतात तसला हवेचा मोठा लाल चेंडू गोलापुढे येऊन पडला. संडरलंडच्या डॅरेन बेंटने मारलेला खरा चेंडू त्या खोट्या चेंडूवर आपटला आणि दिशा बदलून आत गेला. गोलरक्षकाने कोणता चेंडू धरायचा? पंच माइक जोन्स यांनी गोल दिला आणि संडरलंडने सामना १-० असा जिंकला. वस्तुतः बाहेरची वस्तू खेळात आडवी आली तर खेळ थांबवावा आणि चेंडू खाली सोडून तो पुन्हा सुरू करावा, असा नियम तेव्हाही स्पष्ट होता. प्रसंग विलक्षण होता, नियम मुळीच विलक्षण नव्हता. पुष्कळदा असे होते: डोळ्यांपुढचे दृश्य इतके चमत्कारिक असते की, साधा नियमच आठवत नाही. 'चेंडू त्यांच्याच माणसाने टाकला, भोगू देत त्यांना', असे कोणी म्हणेल. पण प्रेक्षकाच्या पोरकटपणाची शिक्षा अकरा खेळाडूंना देणे हा न्याय नव्हे.

आणि बाहेरची वस्तू म्हणजे खुद्द पंचच असला तर? नोव्हेंबर १९६८ मध्ये बॅरो आणि प्लिमथ यांच्या सामन्यात चेंडू पंच आयव्हन रॉबिन्सन यांना लागून गोलात गेला, आणि तो गोल त्यांना द्यावाच लागला. कारण नियमाच्या दृष्टीने पंच हा गोलाच्या खांबासारखाच अचेतन! २०१९ साली हा नियम बदलला. आता चेंडू पंचाला लागून थेट गोलात गेला तर खेळ थांबतो. अर्धशतक लागले, परंतु बदल झाला तो नियमपुस्तकात, भर सामन्यात नव्हे.

आता सर्वांत अवघड प्रसंग. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत, २१ जून रोजी, स्पेनमधील वलादोलिद येथे फ्रान्स कुवेतविरुद्ध ३-१ ने पुढे होता. प्रेक्षकांतून शिट्टी वाजली. ती पंचाची समजून कुवेतचे खेळाडू थांबले आणि फ्रान्सच्या जिरेसने गोल केला. सोव्हिएत पंच मिरोस्लाव्ह स्तुपार यांनी गोल दिला. तेव्हा कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष, राजघराण्यातील शेख फहद, प्रेक्षागृहातून उतरून थेट मैदानात आले. बोलणे झाले आणि गोल रद्द झाला! अखेर फ्रान्सने सामना ४-१ असा जिंकला, म्हणून निकालाचे नुकसान झाले नाही. पण न्यायाचे झाले. नियमावर बोट ठेवून पाहिले तर परक्या शिट्टीमुळे खेळात व्यत्यय आला असे पंचाला वाटल्यास खेळ थांबविण्याचा त्याला अधिकार आहे. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत आपला निर्णय फिरविण्याचाही आहे. म्हणजे स्तुपार यांनी स्वतःहून गोल नाकारला असता, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. तोच निर्णय सत्ता समोर येऊन उभी राहिल्यावर दिला गेला आणि तो कलंकित झाला. निर्णय काय दिला, इतकेच तो कोणाच्या तोंडाकडे पाहून दिला, यालाही महत्त्व आहे.

या प्रसंगाशेजारी आपल्या देशातला एक प्रसंग ठेवू. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत, जादा वेळेत, केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू अजून भिंत रचत होते, तोच सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला. पंचाने शिट्टीसाठी थांबण्यास सांगितले नसेल, तर झटपट किक मारण्याची मुभा नियमात आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गुन्हेगाराची तयारी होईपर्यंत का थांबावे, हा त्यामागचा विचार. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचा संघ रागाने मैदान सोडून गेला. निर्णय फिरला नाही. सामना बंगळूरला मिळाला आणि केरळला पुढे चार कोटींचा दंड झाला. पंचाने खेळाडूंना थांबवायला हवे होते, हे केरळचे म्हणणे ऐकण्यासारखे असेलही. पण ते ऐकायला समिती होती. मैदान सोडणे हा युक्तिवाद नव्हे.

आणि कधी कधी पंचाने काहीच करू नये, यातच त्याचा न्याय असतो. जानेवारी १९९४ मध्ये कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत, जादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांसारखा मोजावा, असा अजब नियम आयोजकांनी केला होता. बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांनी विजय हवा होता. शेवटची काही मिनिटे उरली असताना आघाडी २-१ एवढीच होती. तेव्हा त्यांनी मुद्दाम आपल्याच जाळ्यात चेंडू मारून २-२ केले, म्हणजे जादा वेळ मिळेल! ग्रेनाडाला आता कोणत्याही बाजूचा एक गोल चालणार होता. त्यामुळे बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखीत धावू लागले. जादा वेळेत त्यांनी गोल केला आणि ४-२ ने पुढची फेरी गाठली. पंचाने कोणाला शिक्षा करावी? नियम तर कोणीच मोडला नव्हता. मूर्खपणा नियमाचा होता आणि तो नियम करणाऱ्यांच्या पदरात पडला, हेच योग्य झाले.

तात्पर्य, पंच नियमाचा गुलाम नव्हे आणि मालकही नव्हे. तो विश्वस्त आहे. नियम स्पष्ट असेल तेथे, दृश्य कितीही चमत्कारिक असो, त्याने तो लावावा. नियम मूक असेल तेथे खेळाच्या आशयाला विचारावे. नियम चुकीचा असेल तेथे तो पाळून, दुरुस्तीचे काम ज्यांचे त्यांच्यावर सोपवावे. आज गोलरेषेवर यंत्रे आहेत, चित्रफीत पाहणारे सहायक पंच आहेत. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हे यंत्र सांगते. पण शेख समोर आल्यावर ताठ उभे कसे राहावे, हे यंत्र सांगत नाही.

राहता राहिलो आपण, रेषेबाहेरचे लोक. आपल्या संघाविरुद्ध शिट्टी वाजली की पंच आंधळा, आणि बाजूने वाजली की डोळस, असे म्हणायची सवय आपल्याला मैदानावरच लागते आणि मग ती नगरपालिकेत व न्यायालयातही आपल्याबरोबर येते. ती सुटली तर एकट्या पंचाच्या मुखातूनही, क्वचित का होईना, परमेश्वर बोलू शकेल.