घोंगडीला कागद नाही

मंडळी, अध्यक्षाला माईक मिळतो एकदाच, आणि तोही जेवणाच्या आधी. औपचारिक सगळं स्वागताध्यक्षांनी उरकलं आहे. मंडपाचं छत उजवीकडे गळतंय, पण त्यावर मी बोलणार नाही. स्वागताध्यक्ष माझे मित्र आहेत.

मी बोलणार आहे अकरा वर्षांपूर्वीच्या एका वाक्याबद्दल. ते इथे पुष्कळांना पाठ आहे. रेंज नाक्यावर चहा पिताना काहींनी मला ऐकवलंही आहे. माझ्या कादंबरीत १७३९ साली, वसईच्या मोहिमेच्या धामधुमीत, एक नवरी बोहल्यावरून पळते. तुंगारेश्वरच्या रानात एक गाडीवान तिला घोंगडी देतो आणि ती त्याच्यात गुंतते. परीक्षकांनी अभिप्राय दिला, ‘घोंगडीला कागद नाही.’

कागद! त्या मे महिन्यात किल्ला पडला, पोर्तुगीज शिबंदीला मानाने बाहेर पडू द्यायचं ठरलं, याचे कागद आहेत. चिमाजी अप्पांच्या मोर्चांचे आहेत. कुठली पोर कुणाच्या गाडीत बसली, हे कुठला कारकून टिपून ठेवणार होता?

आणि पळालेली नवरी इतकी खुपत असेल तर नाटकं तरी कशाला बघता? किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ चं. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं, ती गेली अर्जुनाकडे; तुम्ही वन्समोअर दिलात. देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लागणारं लग्न कोदंड मोडतो, सगोत्र आहे म्हणून. पोर जीव द्यायला निघते, तिथेही हाच आडवा येतो, आणि शेवटी लग्न त्याच्याशीच. ती लोकांच्या मनात इतकी बसली की १९२९ चा बालविवाहबंदीचा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा, तरी आपले लोक त्याला ‘शारदा कायदा’च म्हणत राहिले! सुभद्रा पुराणातली, म्हणून खपली. शारदा सुधारणेची, म्हणून खपली. नुसता आवडला म्हणून गेलेली बाई तुम्हाला खपत नाही, खरं दुखणं ते आहे. ज्यांच्या तीन खंडी शिवकाळात एकाही चुलीचा धूर निघत नाही, ते मान हलवताहेत, हलवू द्या.

आता घोंगडीचं सांगतो. माझी आत्या. बिजवराशी ठरलं होतं, तिच्याहून बावीस वर्षांनी थोरला. वरात गावात शिरली आणि ही मागच्या परसातून भाताच्या खाचरांत उतरली. सातिवलीच्या अलीकडे गवताची गाडी भेटली. गाडीवानाने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. थंडी होती, घोंगडी दिली आणि गोखिवऱ्याला तिच्या आजीच्या दारात आणून सोडलं. पुढे आठ महिने तो गवत विकायला याच आळीत येत राहिला. आमच्या आळीत इतकं गवत खाणारी गुरंच नव्हती.

तो माझा आतोबा. मी आत्याला विचारलं होतं, पहिल्या दिवशीच आवडला का? म्हणाली, ‘मेल्या, मला नुसती थंडी वाजत होती.’

परीक्षकांपैकी दोघं आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्यासाठी आत्याच्या ट्रंकेतून तिच्या मुंडावळ्या आणल्या आहेत. मोती गळालेत, दोरा शाबूत आहे. घोंगडी कसरीने खाल्ली.

भाषण झालं. मुंडावळ्या मात्र हातोहात परत द्या.