आधी मूळ ठराव वाचा

अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेत काश्मीरचा विषय निघाला की कुणीतरी ‘सार्वमत’ म्हणतो आणि भारताची बाजू मांडणारा गडबडतो. त्याने विकिपीडिया वाचलेला असतो. सुरक्षा परिषदेचा २१ एप्रिल १९४८ चा ठराव क्रमांक ४७ वाचलेला नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात तो विनामूल्य मिळतो. त्यातील क्रम पाहा : प्रथम टोळीवाले व लढण्यासाठी शिरलेले पाकिस्तानी नागरिक यांची माघार, मग भारतीय सैन्यात टप्प्याटप्प्याने कपात, त्यानंतर सार्वमत. ही कपातीची अट आपल्याला अडचणीची वाटली तरी वगळू नका. प्रतिपक्ष नेमकी तीच वाचून आलेला असेल. मग संसदेचा २२ फेब्रुवारी १९९४ चा ठराव अभ्यासा. वृत्तपत्रांची कात्रणे, अगदी आम्हा पत्रकारांच्या लेखांचीही, त्यानंतर.